शून्य न सापडणारी बहुपदी

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी पुतणीला नववीचे बीजगणित शिकवताना मी २क्ष³ + क्ष² + ५क्ष − ३ या बहुपदीपाशी अडलो. अवयव सिद्धांतानुसार क्ष = अ ठेवल्यावर बहुपदीची किंमत शून्य आली, तरच (क्ष − अ) हा तिचा अवयव असतो; म्हणून स्थिर पदाचे, म्हणजे क्ष नसलेल्या −३ चे, विभाजक आम्ही एकेक ठेवून पाहिले. १ साठी ५, −१ साठी −९, ३ साठी ७५ आणि −३ साठी −६३ अशा किमती आल्या, तेव्हा हिला अवयवच नाहीत असे मी तिला सांगून टाकले, याची मला अजून रुखरुख वाटते.

रात्री तेच आकडे पुन्हा पाहताना ध्यानात आले, की क्ष = ० ला किंमत −३ आणि क्ष = १ ला ५ येते, म्हणजे मधे कुठेतरी ती शून्य व्हायलाच हवी. पहिल्या पदाचा सहगुणक २ मी विचारातच घेतला नव्हता. सहगुणक पूर्णांक असतील, तर अतिसंक्षिप्त रूपातील परिमेय शून्याचा, म्हणजे बहुपदीची किंमत शून्य करणाऱ्या परिमेय संख्येचा, अंश स्थिर पदाचा आणि छेद पहिल्या सहगुणकाचा विभाजक असतो. त्यामुळे १/२ आणि ३/२ हेही, दोन्ही चिन्हांसह, तपासायला हवे होते. क्ष = १/२ ठेवल्यावर १/४ + १/४ + ५/२ − ३ = ० आले. भागाकार करून (२क्ष − १)(क्ष² + क्ष + ३) हे अवयव मिळाले. दुसऱ्याचा विवेचक, म्हणजे १² − ४ × १ × ३, हा −११ म्हणजे ऋण असल्याने तो वास्तव संख्यांत आणखी फुटत नाही. सकाळी शाळेची रिक्षा येण्याआधी तिच्यासमोर बसून मी वहीतले उत्तर दुरुस्त केले.