एकेका विषयातून इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा म्हटले की बहुतेक जण हजार शब्दांची एखादी यादी मिळवतात आणि ती पाठ करायला बसतात. आठवडाभरात उत्साह ओसरतो, कारण यादीत शेजारी आलेल्या शब्दांचे एकमेकांशी काही नाते नसते. एका विषयाचे पारिभाषिक शब्द घेतले, तर एकाच्या आधाराने दुसरा आठवतो आणि पुढच्या वाचनात ते पुन्हा पुन्हा भेटत राहतात.

सर्वप्रथम एकच विषय ठरवावा. वैद्यक, कायदा, अर्थव्यवहार, संगणक यांपैकी ज्यातला मजकूर आपल्याला एरवीही वाचावा लागतो, तोच घ्यावा. त्या विषयावरचा साधारण पानभराचा लेख एकदा न थांबता वाचावा आणि दुसऱ्या वाचनात अडलेल्या शब्दांवर खूण करावी. एका बैठकीला आठ-दहा शब्द पुरेसे आहेत.

खूण करताना ओळखीच्या शब्दांवर अधिक नजर ठेवावी. अनोळखी शब्द आपल्याला शब्दकोशाकडे पाठवतो. ओळखीचा शब्द मात्र चुकीचा अर्थ देऊन निमूटपणे पुढे जाऊ देतो. करारविषयक कायद्यात 'कन्सिडरेशन' म्हणजे विचार नव्हे, तर मोबदला. 'इन्स्ट्रुमेंट' म्हणजे अवजार नव्हे, तर दस्तऐवज. सूक्ष्मजीवशास्त्रात 'कल्चर' म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले जंतू. संख्याशास्त्रात एखादा फरक 'सिग्निफिकंट' आहे असे म्हटले, तर तो मोठा किंवा महत्त्वाचा असेलच असे नाही; केवळ योगायोगाने तेवढा फरक दिसण्याची शक्यता कमी आहे, एवढेच त्यातून सांगायचे असते. चांगल्या शब्दकोशात अशा अर्थांच्या आधी विषयाचे नाव दिलेले असते. ते न पाहता पहिलाच अर्थ उचलण्याची सवय मोडली पाहिजे.

यानंतर शब्दाची फोड करावी. वैद्यकात या पायरीचा सर्वाधिक उपयोग होतो, कारण तेथील बरेचसे शब्द ग्रीक आणि लॅटिन घटक जोडून तयार झाले आहेत. शेवटी येणारा 'आयटिस' दाह सुचवतो, हे एकदा कळले की 'हेपटायटिस' म्हणजे यकृताचा, 'आर्थ्रायटिस' म्हणजे सांध्यांचा, 'गॅस्ट्रायटिस' म्हणजे जठराचा आणि 'डर्मटायटिस' म्हणजे त्वचेचा दाह, असे चार शब्द एकदम हाती लागतात. 'एक्टमी' म्हणजे शस्त्रक्रियेने काढून टाकणे. त्यावरून 'टॉन्सिलेक्टमी' उलगडतो. 'हायपर' आणि 'हायपो' यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. पहिला आधिक्य दाखवतो, दुसरा कमतरता. त्यामुळे 'हायपरग्लायसीमिया' (रक्तातील साखर जास्त असणे) आणि 'हायपोग्लायसीमिया' (ती कमी असणे) यांचे अर्थ थेट उलटे होतात.

तरीही फोडीवर डोळे मिटून विसंबू नये. 'पीडिअ‍ॅट्रिक्स' म्हणजे बालरोगशास्त्र आणि 'पेडेस्ट्रियन' म्हणजे पादचारी. अमेरिकन इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोहोंची पहिली तीन अक्षरे सारखी दिसतात, पण एकाचे मूळ मुलासाठीच्या ग्रीक शब्दात आहे, तर दुसऱ्याचे पायासाठीच्या लॅटिन शब्दात. 'मलेरिया' हा शब्द 'दूषित हवा' या अर्थाच्या इटालियन शब्दांवरून आला. ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना 1897 मध्ये डासाच्या शरीरात या रोगाचे परजीवी सापडले, हवेची कल्पना मागे पडली आणि नाव तेवढे राहिले. म्हणून फोडीवरून अंदाज बांधावा आणि तो शब्दकोशात पडताळावा.

पडताळलेला शब्द छोट्या कार्डावर उतरवावा. एका बाजूला शब्द, देवनागरीत उच्चार आणि विषय. दुसऱ्या बाजूला अर्थ आणि ज्या वाक्यात तो भेटला ते संपूर्ण वाक्य. उच्चार लिहिण्याचा कंटाळा करू नये: 'मॉर्गेज'मधला (गहाण) टी, 'सपीना'मधला (न्यायालयात हजर राहण्याचा आदेश) बी आणि 'न्यूमोनिया'मधला पी कागदावर असतात, तोंडात येत नाहीत. अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहावा. 'लिक्विडिटी'पुढे नुसते 'तरलता' लिहिल्याने फारसे काही हाती लागत नाही. 'मालमत्ता किती लवकर आणि मोठा तोटा न होता रोख पैशांत बदलता येते' असे लिहिले की संकल्पना समजली आहे की नाही, हे आपले आपल्यालाच कळते. वाक्य हवे ते शब्दाच्या सोबत्यांसाठी. जामीन मंजूर होणे सांगताना 'बेल'बरोबर 'ग्रँट' येते, अपील दाखल करताना 'फाइल' येते, आणि ही जोडी माहीत नसेल तर अर्थ ठाऊक असूनही वाक्य जमत नाही.

उजळणीचे तंत्र जुनेच आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेले स्मरणशक्तीचे प्रयोग 1885 मध्ये प्रसिद्ध केले. नवे शिकलेले सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर सावकाश विसरले जाते, असे त्यांत दिसले. त्यामुळे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, पुढची तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने आणि महिन्याने करावी. अर्थाची बाजू झाकून तो आठवावा. नुसते पुन्हा वाचणे ही उजळणी नव्हे. चुकलेले कार्ड पुन्हा दुसऱ्या दिवसाच्या गठ्ठ्यात ठेवावे.

त्याच विषयावरचा नवा लेख फारसे न अडखळता वाचता येऊ लागला, की त्याचा सारांश पाच-सहा इंग्रजी वाक्यांत लिहून पाहावा आणि मग शेजारचा विषय घ्यावा. कायद्यानंतर हिशेबशास्त्र घेतले, तर 'लायबिलिटी' पुन्हा भेटेल: तिथे ते कायदेशीर दायित्व होते, ताळेबंदात ते देणे असेल. अशा वेळी नवे कार्ड करू नये. जुन्याच कार्डावर दुसऱ्या विषयाचे नाव घालून त्याखाली नवा अर्थ आणि नवे वाक्य नोंदवावे.