एक कुणगा कापा, एक कुणगा पेरा

आपल्या कोकणात नवरात्रात हळवं, म्हणजे लवकर येणारं भात पिवळं पडतं, दिवाळीच्या मागेपुढे निमगरवं येतं आणि गरव्याला त्याहून थोडा उशीर. घरात राबणारे हात दोन-तीन, मुंबईहून सुट्टीला आलेली मंडळी चार दिवसांत परतणार. मग आधी सगळं भात कापून, झोडून घरात घेऊ आणि नंतर वाल-कुळथाचं बघू, असं बहुतेक घरांत ठरतं. यंदा तसं करू नका, ही कळकळीची विनंती.

पावसाळ्यात आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जांभ्याची जमीन तो धरून ठेवत नाही. ऑक्टोबरचं ऊन लागलं की कापलेल्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या लहान खाचरात, आठ-पंधरा दिवसांत भेगा पडू लागतात. कडधान्य याच उरलेल्या ओलीवर येतं. म्हणून एक कुणगा कापला, भारे बांधावर काढले, की वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, बघून दोन-तीन दिवसांत तिथे पेरणी उरका आणि मगच पुढच्या कुणग्यात विळा घाला.

वाफसा ओळखायला चार बोटं खालची माती मुठीत दाबा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा पडून फुटला, भुगा झाला, तर पेरा. चिखलासारखा चपटला तर दोन दिवस थांबा. गोळाच वळत नसेल तर ओल गेली. पाण्याची सोय असेल तरच तिथे बी टाका. दोन वर्षांपूर्वी झोडणी आवरेपर्यंत मी घराखालचा कुणगा तसाच ठेवला होता. नंतर टाकलेल्या वालाचे दहातले जेमतेम चार दाणे उगवले. उकरून पाहिलं तर बाकीचे टाकले तसे कोरडे पडून होते. शेजारचाच कुणगा, वेळेवर पेरलेला, संक्रांतीनंतर शेंगांनी लवला.

वाल सखल, भारी जमिनीत टाका, कुळीथ वरच्या हलक्या कुणग्यात. हलकी नांगरट करून लगेच फळी मारा, म्हणजे ओल उडत नाही. बियाण्याला किलोमागे 25 ग्रॅम रायझोबियम हे जिवाणूखत गुळाच्या पाण्यात कालवून चोळा आणि सावलीतच सुकवा, उन्हात ते जिवाणू मरतात. दोन ओळींत 30 सेंटिमीटर अंतर ठेवलंत तर बेणणी, म्हणजे तण काढणं, करता येते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं कोकण वाल किंवा कुळथाचं दापोली-1 मिळालं तर चांगलंच. न मिळालं तर घरचं निवडक, न किडलेलं बी वापरा.

आता भाताविषयी. लोंबीतले दहापैकी नऊ दाणे पिवळे झाले की कापा; सगळे पिकायची वाट पाहिली तर दाणा झडतो. पाणी आठ-दहा दिवस आधी काढून टाका. कापताना दातेरी वैभव विळा जमिनीलगत चालवा, कारण खोडकिडीची अळी धसकटात दडून राहते. आणि आभाळ बघून तेवढंच कापा जेवढं संध्याकाळपर्यंत झाकता येईल. 2019 च्या दिवाळीत क्यार वादळाच्या पावसात कितीतरी कुटुंबांचं कापलेलं भात शेतातच भिजलं, लोंबीला कोंब आले. वर्षाचं अन्न डोळ्यांदेखत कुजताना पाहणं फार वाईट असतं. ताडपत्री आधी आणून ठेवा. वाळवलेला दाणा दाताखाली कट्कन तुटला तरच कणगीत भरा, मऊ लागला तर आणखी एक ऊन द्या. बियाण्यासाठी कुणग्याच्या मधलं, भेसळ नसलेलं भात वेगळं झोडा.

पेंढा जाळू नका. गुरांना पुरून उरेल तो नारळाच्या आणि आंब्याच्या नव्या कलमांच्या आळ्यात पसरा.

परसात लाल माठ आणि मुळा एकदम सगळा न टाकता पंधरा-पंधरा दिवसांनी थोडा थोडा टाका. माठ महिन्याभरात काढायला येतो, सगळा एकदम आला तर खाणार कोण? वांगी-मिरचीची रोपं गादीवाफ्यावर करा. स्वयंपाकघरातलं सांडपाणी अळूला आणि केळीला सोडा.

हापूसच्या मोठ्या झाडांना मात्र आता पाणी नको, ताण बसला तरच मोहोर धरतो. बांडगूळ असेल तर फांदीसकट काढा. काजूखालचं गवत सुकण्याआधी कापून बागेभोवती पट्टा साफ करा, कारण वणवा सांगून येत नाही.

शेवटचं काम एकट्याचं नाही. भात निघालं की गावात गुरं मोकाट सुटतात आणि कोवळा वाल एका रात्रीत फस्त होतो. त्यामुळे कित्येकांनी कडधान्यच सोडून दिलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पेरणीआधी वाडीची बैठक घ्या, राखणीच्या पाळ्या ठरवा आणि वाल निघेपर्यंत गुरं दाव्यालाच राहतील हे सगळ्यांसमोर बोलून घ्या. जमलं तर सगळ्यांनी एकाच मळ्यात लागून लागून पेरा, म्हणजे एकच कुंपण पुरतं.