दोन-तीन महिने पडून राहणारी बॅटरी कशी ठेवावी

लॅपटॉप, जुना मोबाइल, कॅमेरा, ड्रिल मशीन, काहीही असो. आत लिथियम-आयन बॅटरी आहे आणि उन्हाळाभर ती वापरात येणार नाही, तर गावाला निघण्याआधी दहा मिनिटं तिच्यासाठी काढा. वापरामुळे बॅटरी झिजते हे सगळ्यांना माहीत असतं. नुसती पडून राहूनही ती झिजते, हे कोणी सांगत नाही.

पहिलं काम, चार्ज ४० ते ५० टक्क्यांवर आणणं. सगळा घोळ इथेच होतो, आणि मी तो दोन्ही बाजूंनी घातलाय. अकोल्याच्या घरी एका मे महिन्यात लॅपटॉप पूर्ण चार्ज करून पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवला. जुलैत काढला तेव्हा टचपॅड मधून वर उचललं गेलं होतं, क्लिक दबेना, झाकण बसेना. बॅटरी फुगली होती. बॅटरीच्या आत एक किंवा अनेक सेल असतात, आणि भरलेला सेल साधारण ४.२ व्होल्टवर असतो. त्या व्होल्टेजला वरून उष्णता मिळाली की आतलं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधलं रासायनिक द्रावण, भराभर बिघडतं आणि वायू साठतो.

पुढच्या वर्षी "पूर्ण संपवूनच ठेवायची" हा सल्ला ऐकला आणि कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या गमावल्या. तो सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे, लिथियमला तो मारक ठरतो. ठेवलेली बॅटरी आपोआप उतरत असते, शिवाय तिचं संरक्षक सर्किटही थोडी वीज खातं. सेल अडीच व्होल्टच्या बराच खाली जाऊन तसाच राहिला की आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्यातलं तांबं विरघळू लागतं. पुन्हा चार्ज करताना ते भलतीकडे साचतं आणि आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. म्हणून चार्जर जिला घेत नाही अशी बॅटरी वायरी जोडून 'जागी' करायला जाऊ नका. चार्जर नाही म्हणतोय ते तुमच्या भल्यासाठी.

उपकरण स्लीपवर न ठेवता पूर्ण बंद करा. बॅटरी सुटी होत असेल तर काढून तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा.

जागा थंड आणि कोरडी हवी. कपाटाचा खालचा कप्पा उत्तम, माळा आणि गाडीची डिकी अजिबात नको. फ्रिजही नको, बाहेर काढल्यावर तिच्यावर पाणी धरतं.

मुक्काम लांबला तर दर तीन महिन्यांनी कुणाला तरी चार्ज बघायला सांगा. २० टक्क्यांच्या आसपास आला असेल तर परत ५० वर नेऊन ठेवायचा. इलेक्ट्रिक स्कूटरसाठी मात्र तिच्या पुस्तिकेत दिलेला आकडाच पाळा, कारण त्यातल्या अनेकींची बॅटरी लिथियम-आयर्न-फॉस्फेटची असते आणि तिचे व्होल्ट वेगळे.

परत आल्यावर बॅटरी जराही फुगलेली दिसली, तर चार्जिंगला लावू नका. दाबू नका, टोचू नका. घंटागाडीत तर मुळीच टाकू नका, कचऱ्याखाली चिरडली की ती पेट घेते. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात नेऊन ती स्वतःच्या हाताने द्या.