परदेशातून कुत्रं मागवताय? पैसे पाठवण्याआधी या चुका टाळा

द्राक्षाचा हंगाम उरकला, हिशेब झाले की एप्रिल-मेमध्ये आमच्या नाशिककडे दोन चौकश्या वाढतात: नवी गाडी आणि परदेशी कुत्रं. गिरणाऱ्याला किंवा दिंडोरी रोडला फार्महाउस बांधून झालेलं असतं. गेटपाशी रॉटवायलर नाहीतर जर्मन शेफर्ड शोभून दिसेल, असं कुणीतरी सुचवतं. इन्स्टाग्रामवर सर्बियातला किंवा हंगेरीतला ब्रीडर सापडतो आणि दोन दिवसांत ॲडव्हान्स जातो सुद्धा.

पुढे जे अडतं त्यात दर वेळी ब्रीडर लबाडच असतो असं नाही. कुत्रं खरं असतं, वंशावळ खरी असते. क्रम मात्र उलटा झालेला असतो. आधी पिल्लू पसंत, मग पैसे, आणि सगळ्यात शेवटी प्रश्न, की हे आणायचं कसं!

परवानगीचं नंतर बघू

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एप्रिल २०१६ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे डीजीएफटीने, कुत्र्यांच्या आयातीवर निर्बंध घातले. ब्रीडिंगसाठी किंवा धंद्यासाठी कुत्री आणायला मनाई झाली. पोलीस आणि संरक्षण दलं, संशोधन संस्था, आणि पेट बुकसह (कुत्र्याची ओळख आणि लसी नोंदवलेली पुस्तिका) सगळे कागद आयात करणाऱ्याच्याच नावावर असलेलं पाळीव कुत्रं, एवढ्यांनाच वाट ठेवली गेली. सामानासोबत जनावर आणायची सवलत आहे, पण ती परदेशात सलग दोन वर्षं राहून कायमचं परत येणाऱ्यांसाठी, आणि तीही एका माणसामागे जास्तीत जास्त दोन जनावरांची. बाकीच्यांना डीजीएफटीचा परवाना लागतो.

आता कॉलेज रोडवर बसून बेलग्रेडचं पिल्लू पसंत करणारा माणूस या सवलतीत कुठे बसतो? बसत नाही. म्हणून मग एजंट येतो. "साहेब, तुम्ही टेन्शन घेऊ नका, दुबईहून एक फॅमिली परत येतेय, त्यांच्या नावावर आणून देतो." ऐकायला सोपं वाटतं. पण पेट बुक, आरोग्य दाखला, क्वारंटाइन कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र सगळं त्या फॅमिलीच्या नावावर. तुमच्या हातात काय? पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट. विमानतळावर कुणी चौकशी केली तर खोटं निवेदन दिल्याचा प्रश्न उभा राहतो, आणि कुत्रं आजारी निघालं तर तक्रार कोणाच्या नावाने करायची तेही कळत नाही. असं कुत्रं स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय नियम बदलतात. १२ मार्च २०२४ ला केंद्राने राज्यांना पत्र पाठवून रॉटवायलर, केन कोर्सो, अकिता अशा २३ आक्रमक ठरवलेल्या जातींची आयात, ब्रीडिंग आणि विक्री थांबवायला सांगितलं. सव्वा महिन्यात कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द केलं. ज्याचं रॉटवायलर नेमकं त्याच काळात निघणार होतं, त्याने काय करायचं? म्हणून पहिला फोन ब्रीडरला नको, मुंबईच्या ॲनिमल क्वारंटाइन कार्यालयाला करा. आजच्या तारखेला माझ्या परिस्थितीत मला कुत्रं आणता येतं का, एवढंच विचारा. "नाही" असं उत्तर आलं तर एक रुपयाही न घालवता विषय संपला.

आठ आठवड्यांचं पिल्लू पुढच्या महिन्यात घरी

असं कबूल करणाऱ्या ब्रीडरला भारताचे नियम माहीत नाहीत, किंवा माहीत असून तो सांगत नाही. रेबीजची लस साधारण बारा आठवड्यांनंतर टोचतात. भारतात यायला ती टोचून तीस दिवसांपेक्षा जास्त, पण एक वर्षाच्या आत असावी लागते. बेरीज करा: पिल्लू चार महिन्यांचं झाल्याशिवाय विमानात बसत नाही. कागद, विमानाची जागा, सुट्ट्या धरल्या तर साडेचार-पाच.

यातून दोन प्रश्न निघतात. मधले दोन-तीन महिने पिल्लाला सांभाळायचे पैसे कोण देणार आणि त्याला माणसांची, आवाजांची सवय कोण लावणार, हे आधीच लिहून घ्या. केनेलच्या एका खोलीत पाच महिने काढलेलं शेफर्ड सिडकोच्या गल्लीत आलं की फटाक्याला काय, कुकरच्या शिट्टीलाही दचकतं. दुसरी गोष्ट पिंजऱ्याची. विमान कंपन्या आयाटाच्या, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमाप्रमाणे बघतात: कुत्र्याला आत नीट उभं राहता, वळता, आडवं होता आलं पाहिजे. ब्रीडरने तीन महिन्यांच्या पिल्लाच्या मापाने पिंजरा आणून ठेवलेला असतो आणि उड्डाणाच्या दिवशी पिल्लू दीडपट झालेलं असतं. काउंटरवरून परत पाठवतात, आणि आरोग्य दाखल्याची मुदत तोवर उलटून जाते.

पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जाती तर बऱ्याच कंपन्या घेतच नाहीत, किंवा उन्हाळ्यात बंद ठेवतात. हे बुकिंगआधी विचारायचं.

चिप न वाचता कुत्रं ताब्यात घेणं

या एका गोष्टीकडे लोक फार दुर्लक्ष करतात. तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप कातडीखाली असते आणि तिचा पंधरा अंकी नंबर हीच कुत्र्याची खरी ओळख. फोटो, रंग, नाव यांना कागदोपत्री किंमत नाही. युरोपात ती बहुधा मानेच्या डाव्या बाजूला टोचलेली असते, आपल्याकडचे डॉक्टर खांद्यांच्या मधोमध स्कॅनर फिरवतात आणि "चिपच नाही" म्हणतात. सरकलेलीही असू शकते. मानेपासून कोपरापर्यंत दोन्ही बाजूंनी सावकाश फिरवायला सांगा.

नंबर सापडला की तो लस-पुस्तिका, आरोग्य दाखला, वंशावळ, ना-हरकत प्रमाणपत्र या सगळ्यांशी अंक न् अंक जुळवा. ओळखीतल्या एका बागायतदारांच्या शेफर्डचं प्रकरण मी जवळून बघितलं. पुस्तिकेतल्या स्टिकरवर शेवटचे अंक ४७ आणि हाताने भरलेल्या दाखल्यावर ७४. एवढ्याशा चुकीसाठी तिकडच्या सरकारी पशुवैद्याकडून दुरुस्तीचा कागद येईपर्यंत कुत्रं अडकून पडलं, रोजचा खर्च वेगळा आणि मालकांच्या मुंबई वाऱ्या वेगळ्या. म्हणून कागदांचे फोटो उड्डाणाच्या आठवडाभर आधी मागवा आणि घरातल्या दोन जणांनी वेगवेगळे तपासा.

सुरुवातीचे तीन अंकही बघण्यासारखे असतात. ६८८ म्हणजे सर्बिया, ३४८ हंगेरी, ६१६ पोलंड. नऊने सुरू होणारा आकडा बहुधा चिप बनवणाऱ्याचा असतो, त्यात काही गैर नाही. पण "जर्मनीत जन्मलेलं" म्हणून विकलेल्या कुत्र्याची चिप ६८८ ने सुरू होत असेल, तर ब्रीडरला कारण विचारायला लाजू नका.

ओझरच्या विमानतळावर उतरवू, घरापासून जवळ आहे

नाही उतरवता येत. आयात होणारं जनावर क्वारंटाइनची सोय असलेल्या ठरावीक विमानतळांवरच येतं. नाशिककरांना जवळचं मुंबई. ना-हरकत प्रमाणपत्र विमान सुटण्याआधीच हातात हवं, उतरल्यावर अर्ज करू म्हणणाऱ्याचं कुत्रं परतही पाठवलं जाऊ शकतं. शुक्रवारी रात्रीचं विमान टाळा. मंगळवार-बुधवारची सकाळ बरी, कस्टमचं काम त्याच दिवशी उरकतं. ताब्यात मिळाल्यावर पोटभर खाऊ घालून कसारा घाट चढायला काढू नका. थोडं पाणी, मूठभर खाणं, बाकी घरी.

वंशावळीचा रंगीत कागद म्हणजे सगळं काही

ब्रीडरने दिलेली वंशावळ आणि एक्स्पोर्ट पेडिग्री वेगळ्या. दुसरी त्या देशाचा केनेल क्लब तुमच्या नावावर देतो आणि केनेल क्लब ऑफ इंडियाकडे नोंद करताना तीच मागतात. ती "नंतर पोस्टाने पाठवतो" म्हणाला तर शेवटचा हप्ता तेवढा रोखून ठेवा. अमेरिकेतलं पिल्लू लिमिटेड रजिस्ट्रेशनवर दिलेलं असेल, तर पुढे त्याच्या पिल्लांची नोंद होत नाही. पुढे ब्रीडिंगचा विचार मनात असेल तर मुळात त्या हेतूने आयात चालत नाहीच, आणि इथे ब्रीडर म्हणून २०१७ च्या नियमांखाली राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते.

खुब्याच्या सांध्याचं प्रमाणपत्र दाखवलं तर कोणाचं ते बघा. युरोपात ए (सगळ्यात चांगली) ते ई अशी श्रेणी देतात, त्यासाठी एक्स-रे कुत्रं किमान वर्षाचं झाल्यावर काढतात. म्हणजे चार महिन्यांच्या पिल्लाचं "हिप ए" असूच शकत नाही. आई-बापाचं मागा, त्यांच्या चिप नंबरासकट.

पैशांचं

इथे थोडक्यात. फक्त क्रिप्टो किंवा अनोळखी तिऱ्हाइताच्या खात्यावर पैसे मागणारा ब्रीडर नको. आणि पिल्लू निघालं म्हटल्यावर "वातानुकूलित पिंजऱ्याचं डिपॉझिट, परत मिळेल", मग "विम्याचं डिपॉझिट" असे फोन सुरू झाले तर पिल्लू अस्तित्वातच नाही, असं समजा. आजचं वर्तमानपत्र शेजारी धरून पिल्लाचा व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि चालू कॉलवरच चिप स्कॅन करून नंबर दाखवायला लावा. खऱ्या ब्रीडरला यात पाच मिनिटं लागतात.

घरी आलं, आता काळजी मिटली

उलट इथून खरी सुरू होते, कारण हे आपल्या मातीतलं जनावर नाही. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांचा गोचिडांशी लहानपणापासून संबंध येतो. थंड देशातल्या पिल्लाचा क्वचितच. टिक फीवर म्हणजे एर्लिकिया आणि बबेसिया, यातला एर्लिकिया जर्मन शेफर्डला जास्त जोरात धरतो. गोचीड-प्रतिबंधक गोळी किंवा स्पॉट-ऑन (कातडीवर टाकायचे थेंब) आल्या-आल्या डॉक्टरांकडून सुरू करून घ्या. ताप आला, खाणं सोडलं, हिरड्या फिक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं तर "प्रवासाचा शीण" म्हणून दोन दिवस थांबू नका, त्याच दिवशी रक्त तपासा.

कोली, शेटलँड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड घेतलं असेल तर एक गोष्ट कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. या जातींत एमडीआर-१ नावाचा जनुकदोष आढळतो. आपल्याकडे खरजेसाठी आणि गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सर्रास दिलं जातं. हा दोष असलेल्या कुत्र्याला त्या डोसने झटके येतात, जीवही जातो. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर चाचणी होते. पिल्लू घेण्याआधीच आई-बापाचा अहवाल मागा, आणि तो नसेल तर डॉक्टरांनी सिरिंज भरायच्या आत जात सांगा.

आणि शेवटी नाशिकचंच खास. द्राक्ष आणि कांदा, आपली दोन्ही पिकं कुत्र्याला विषारी. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल हे कुत्र्यागणिक बदलतं, त्यामुळे "दोनच मणी खाल्ले" याला अर्थ नाही. काढणीच्या दिवसांत खाली मण्यांचा सडा पडतो, तेव्हा पिल्लू बागेत मोकळं सोडू नका. कांद्याने तांबड्या पेशी फुटतात. कच्चा, शिजवलेला, वाळवलेला सगळाच विषारी. वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतका कांदा पोटात गेला तरी धोका सुरू होतो, म्हणजे तीस किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम. अकिता, शिबा इनू या जपानी जातींच्या काही कुत्र्यांच्या रक्तपेशींची घडण वेगळी असल्याने त्यांना त्याहून कमी पुरतो. कांदाचाळीत राखणीला अकिता बांधणार असाल तर बेत बदला, आणि उरलेली रस्साभाजी त्याच्या ताटलीत ओतायची नाही, हे गड्यालाही पहिल्याच दिवशी सांगा.