स्वस्तातला उभा व्हॅक्यूम घेताय? निदान या चुका तरी टाळा

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा व्हॅक्यूम रुसला की तो माझ्या दारात येतो. मी काही मेकॅनिक नाही, एकदा कुणाच्या तरी ब्रशमधला केसांचा गुंता काढून दिला, तेव्हापासून हे नाव पडलंय. आणि दरवेळी वाक्य ठरलेलं, "अगं तीन हजार पाण्यात गेले, ओढतच नाही." बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं, घेताना किंवा वापरताना माती खाल्लेली असते.

पहिली माती म्हणजे वॅट. "हा ६०० चा, तो १००० चा, मग १००० वालाच घेऊ ना." अहो, वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं ते, धूळ किती ओढतं ते नाही. युरोपात तर सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटच्या वरचे घरगुती व्हॅक्यूम बाजारात आणायलाच बंदी आहे, म्हणून तिकडे काय घरं मळकी राहिली नाहीत. खोक्यावर किलोपास्कल, म्हणजे ओढीचा जोर, लिहिलेले असतात ते जरा तरी कामाचे, पण तोही आकडा मशीनचं तोंड बंद करून मोजलेला असतो, फरशीवर फिरताना नाही. मी काय करते, दुकानात जाताना पुडीत चिमूटभर रवा आणि चार दाणे तांदूळ घेऊन जाते. दुकानदार वैतागतो, वैतागू दे. रवा फरशीच्या सांध्यात ओतायचा आणि एकदाच मशीन फिरवायचं. काहींचा फिरता ब्रश इतका कडक असतो की तांदूळ आत जायच्या ऐवजी टणाटण मागे उडतात आणि रवा सांध्यात तसाच. आपल्याकडे टाइल्स नाहीतर कोटा फरशी, गालिचा असला तर एखादा, तेव्हा मऊ ब्रशचं किंवा ब्रश बंद करता येतो असं मशीन बघा.

आता माझं खरं दुखणं. फिल्टर.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लक्ष्मीपूजनाला हॉलमध्ये केवढीतरी रांगोळी काढली होती, खरंच सुंदर होती, आणि पाडव्याच्या सकाळी नव्या व्हॅक्यूमने ती सगळी ओढून घेतली. रांगोळी म्हणजे दगडाचं पीठ हो! दहा मिनिटांत मशीन तापलं आणि बंद पडलं, काकांनी बटण वीस वेळा दाबलं, मग "जळलं वाटतं" म्हणून माझ्याकडे. मी पेपर पसरून डबा उघडला तर फिल्टरच्या घड्या दिसतच नव्हत्या, गुलाबी, त्यावर निळा, त्यावर पांढरा, अगदी बर्फीसारखे थर. हवा जायला जागाच नाही म्हटल्यावर मोटर तापणार आणि कट-ऑफ पडणार, तो मोटर वाचवायलाच असतो. अशा वेळी प्लग काढून तासभर मशीनला हात लावायचा नाही. पाऊण वाटी रांगोळी झटकून काढली आणि मशीन परत सुरू झालं.

इथे गोष्ट संपली असती. पण भाऊबीजेला पाहुणे येणार म्हणून काकूंनी फिल्टर नळाखाली धुतला आणि अर्ध्या तासात ओलाच बसवला. घड्यांत उरलेल्या रांगोळीचा लगदा झाला, हॉलभर कुबट वास, आणि त्या मॉडेलचा सुटा फिल्टर शोधशोध शोधला तरी कुठेच मिळेना. म्हणून सांगते, मशीन आवडलं की आधी त्याचा फिल्टर विकत मिळतो का ते बघा, पैसे नंतर द्या. मी दोन फिल्टर ठेवते, एक आत, एक पंख्याखाली. वाळायला पूर्ण चोवीस तास, जुलैमध्ये दोन दिवस. हेअर ड्रायरने सुकवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

रांगोळीसारखंच पीओपीची पावडर, घासलेल्या भिंतीचा भुगा, उदबत्तीची राख, टाल्कम पावडर, सांडलेलं पीठ. याला केरसुणी आणि सुपली आहे की घरात.

दुसरा प्रकार अमेरिकेचा. कुणाचा तरी मुलगा तिकडून येताना मोठ्ठा अपराइट, म्हणजे तिकडचा जाडजूड उभा व्हॅक्यूम, घेऊन आला, खालच्या अंगाला मोटर, वजन सहा-सात किलो. तिकडे घरभर गालिचे, त्यांना तसंच लागतं. पण ते मशीन १२० व्होल्टचं आणि आपला प्लग २३० चा. दहा-वीस रुपयांचा पिन बदलायचा अडॅप्टर लावला आणि बटण दाबलं. आधी विमान उडाल्यासारखा आवाज, मग धूर. पिन बदलली म्हणून व्होल्टेज बदलत नाही! त्याला पेलणारा ट्रान्सफॉर्मर घ्यायला गेलात तर त्या पैशात इथे साधा व्हॅक्यूम येईल, शिवाय ते धूड आपल्या दिवाणाखाली जात नाही ते वेगळंच.

बाकीच्या पटापट सांगते.

स्टिक व्हॅक्यूमची, म्हणजे काठीसारख्या बारीक मशीनची, मोटर हाताशी असली की पाच मिनिटांत मनगट बोलायला लागतं, दुकानात धरून बघा.

बिनवायरचा घेताना चाळीस मिनिटं चालतो लिहिलंय ते सगळ्यात हळू स्पीडला, फुल स्पीडला दहा मिनिटंसुद्धा कठीण.

वायर पाच मीटरची असेल तर हॉलचा प्लग ते बेडरूमचा कोपरा मोजून या.

ओलं काही ओढायचं नाही, चहासुद्धा नाही, "थोडासाच होता" हे मी ऐकून घेत नाही.

ओढ कमी झाली तर लगेच सर्व्हिस सेंटरला फोन लावत बसू नका. खालचं तोंड काढून पाइपवर तळहात ठेवा, तिथे जोरात ओढत असेल तर गुंता ब्रशमध्ये आहे. नसेल ओढत तर प्लग काढून पाइपमध्ये मोबाईलचा टॉर्च मारा. मला आत्तापर्यंत एक मोजा, चॉकलेटचे कागद आणि एकदा चक्क जानवं सापडलंय.

आणि दोन दिवसांत लिहिलेले पाच स्टारचे रिव्ह्यू वाचू नका, सहा महिन्यांनी शिव्या घालणारे वाचा. खोका दहा-पंधरा दिवस तरी रद्दीवाल्याला देऊ नका, परत करायची वेळ आली की पहिला तोच मागतात.