शाईपेन अडतंय? आधी धुवा, निबला हात सगळ्यात शेवटी

एप्रिल लागला की माझ्याकडे पेनं यायला सुरुवात होते. मी काही रिपेअरवाला नाही, भुसावळला राहतो, नोकरी जळगावला, रोजचं रेल्वेचं अपडाउन, पण ऑफिसात आणि गल्लीत सगळ्यांना माहितीये की याला शाईपेनचं खूळ आहे, मग संध्याकाळी कोणीतरी दारात उभं असतंच, "पेन चालत नही ना भो!" आणि माझ्यापर्यंत येण्याआधी बहुतेकांनी एक उद्योग करेल असतो, निब कागदावर दाबून दाबून फाकवेल असते नाहीतर चिरेत दाढीचं ब्लेड घालून खरवडेल असते. मूळ दुखणं पाण्याने गेलं असतं, आता त्याच्यावर हे दुसरं.

हसत नाहीये कोणाला, मी स्वतः कॉलेजात असताना वडिलांच्या पेनची निब पक्कडने "सरळ" करायला गेलो होतो, एका बाजूचं टोक तुटून हातात आलं. ते पेन अजून कपाटात आहे. त्या दिवसापासून नियम एकच, पाणी पहिले, मग शाई, मग हवा, आणि निब सगळ्यात शेवटी.

पेन चालतं कसं हे आधी डोक्यात बसलं पाहिजे, नाहीतर सगळं अंदाजपंचे. पंधरा किलोचा तेलाचा डबा आठवा. एकच भोक पाडलं तर तेल गुडगुड करत थांबत थांबत येतं, समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की एकसारखी धार लागते, कारण जेवढं तेल बाहेर तेवढी हवा आत गेली पाहिजे. पेनचंही तेच, फक्त दोन्ही कामं निबच्या खालची काळी जीभ करते, जिला आता सगळे फीड म्हणतात. तिच्यात केसासारख्या बारीक खाचा असतात, त्यातून शाई केशाकर्षणाने निबच्या चिरेपर्यंत येते आणि हवा उलटी वर टाकीत जाते. खाचांची अशी जीभ करून लुईस वॉटरमन नावाच्या अमेरिकन माणसाने १८८४ मध्ये पेटंट घेतलं, तत्त्व आजही तेच चालू आहे. जिभेवरच्या आडव्या पापुद्र्यांना लोक डिझाइन समजतात, पण जास्तीची आलेली शाई तिथे थांबते, एकदम कागदावर पडत नाही.

आता पहिली टेस्ट, हिला एक मिनिट लागतं आणि अर्धं निदान होतं. पेन उघडून नुसती निब शाईच्या बाटलीत बुडवा, कडेला टेकवून जास्तीची शाई काढा आणि लिहा. चार-सहा ओळी मस्त आल्या आणि मग सुकलं, तर निब चांगली आहे, मागून पुरवठा होत नाहीये, म्हणजे जीभ चोंदलीये किंवा हवा अडकलीये. बुडवूनसुद्धा पहिल्याच शब्दाला अडकलं तर निब, कागद नाहीतर तुमचा हात. ही टेस्ट न करता निबला हात लावणारा माणूस म्हणजे ताप बघायच्या आधी इंजेक्शन देणारा.

पुरवठा होत नसेल तर धुणं, आणि इथे आपल्याकडची एक खास भानगड आहे, पाणी. आपल्या बोअरच्या पाण्याने बादलीला, गिझरला पांढरा थर येतो ना, तोच क्षार जिभेच्या खाचेत बसतो, आणि खाच मुळात केसाएवढी. एकदा धुतल्याने काही होत नाही, पण दर महिन्याला जड पाण्याने धुऊन तसंच वाळवलं तर तुम्ही पेन साफ करत नाही, सावकाश बुजवताय. आरओचं किंवा जारचं पाणी घ्या. सगळ्यात बेस्ट म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर इन्व्हर्टरमध्ये टाकायची बाटली मिळते ती, लोडशेडिंगच्या कृपेने आपल्याकडे बऱ्याच घरात असतेच (सीलबंद बाटलीतलं बरं का, बॅटरीच्या आतलं नव्हे, त्यात अ‍ॅसिड असतं). आणि मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चटके देतं, ते तर नकोच, जुनं सेल्युलॉइडचं पेन वाकडं होऊ शकतं. माठातलं गार पण नको, साधं, हाताला कळणार नाही इतपत.

पद्धत सोपी आहे. कन्व्हर्टर (बाटलीतली शाई आत ओढून घ्यायची, मागे बटण असलेली नळी) असेल तर निब पाण्यात बुडवून ओढायचं-सोडायचं, पाणी निवळ होईपर्यंत. कार्ट्रिजवालं, म्हणजे शाई भरलेली तयार नळी लावायचं पेन असेल तर लहान बाळाचं नाक साफ करायचा रबरी फुगा मेडिकलमध्ये मिळतो, तो पेनच्या मागच्या भोकाला दाबून धरायचा आणि पाणी आरपार मारायचं, कन्व्हर्टरने जे अर्ध्या तासात होतं ते याने पाच मिनिटांत. तरी रंग येतच असेल तर वाटीभर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, एकच, आणि निबचा भाग रात्रभर त्यात. सकाळी साध्या पाण्याने इतकं धुवा की साबणाचा अंश राहायला नको, कारण साबण राहिला तर पुढची शाई कागदावर फुटते. मग निब टिश्यूत गुंडाळून थर्मामीटर झटकतो तसं दोन-चार झटके द्या, आतलं पाणी टिश्यू ओढून घेतो. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर काही नाही म्हणजे काही नाही, प्लास्टिक तडकतं किंवा विरघळतं.

घाई करू नका यात. मागच्या वर्षी शेजारचा एक पोरगा पेन घेऊन आला, निळी शाई भरेल, दोनदा धुतलं तरी अडत होतं, तिसऱ्या दिवशी पाण्यात हिरवा रंग उतरायला लागला. पोराने जन्मात हिरवी शाई भरली नव्हती. पेन त्याच्या आबांचं, आणि आबा साहेब होते, हिरव्या शाईने सही करायचे. इतकी वर्षं ती जिभेत बसून होती. पाचव्या दिवशी पेन असं चाललं की पोराला खरं वाटेना.

नवीन पेन अडत असेल तरी आधी धुवाच, कारखान्यातलं तेल जिभेवर राहिलेलं असतं आणि तेलावर पाण्याची शाई चालत नाही.

आता शाई. रोजच्या वापराला साधी रॉयल ब्लू सारखी डायची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई, संपला विषय. आपला कॅम्लिन १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी शाईच्या पावडरीपासूनच सुरू केला होता, तेव्हा स्वस्त शाईला नाक मुरडायचं काही कारण नाही, महाग चकचकीत कण असलेल्या शायांनीच पेनं जास्त चोंदतात, कण खाली बसतात ना. पण ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई शाईपेनमध्ये कधीच नाही. माझ्या एका आतेभावाने इंजिनिअरिंगची उरलेली भरली होती, ती आत वाळून लाखेसारखी झाली, पेन गेलं ते गेलंच. स्टॅम्पपॅडची शाई आणि प्रिंटरची शाई भरणारेही भेटलेत, त्यांना काय बोलणार. दोन शाया मिसळू नका, कधी कधी त्यांचा गाळ होतो.

उन्हाळ्यात आणखी एक होतं. अर्ध भरलेलं पेन आठवडाभर पडून राहिलं की शाईतलं पाणी उडतं, रंग तेवढाच राहतो, शाई काकवीसारखी घट्ट. ४५ डिग्रीत ते होणारच. अशा वेळी वरून शाई भरू नका, डिस्टिल्ड पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून बघा, नाहीतर सरळ रिकामं करून धुवा. रोज सकाळी पहिलाच शब्द अडत असेल आणि नंतर नीट चालत असेल तर टोपणावर संशय घ्या. टोपण काढून त्याच्या तोंडाशी ओठ लावून फुंकून बघा, हवा कुठून तरी निसटत असेल तर निब रात्रभर सुकत असते. काही टोपणांना वर बारीक भोक ठेवेल असतं, लहान मुलाने गिळलं तर श्वास चालावा म्हणून, तेव्हा घरात लहान पोर नसेल तरच त्यावर चिकटपट्टी लावा. आणि लिहिता लिहिता फोन आला तर टोपण लावायची सवय करा, डोक्यावर पंखा फुल स्पीडवर असतो, दोन मिनिटं पुरतात.

पाऊण पान लिहून पेन सुकतं, कन्व्हर्टरचं बटण जरा फिरवून थेंब पुढे ढकलला की परत पाऊण पान. ही तक्रार असेल तर बहुतेक वेळा जीभ साफ असते, शाई कन्व्हर्टरच्या मागच्या टोकाला चिकटून बसलेली असते आणि पुढे हवेचा बुडबुडा. नळी बारीक असली की पृष्ठताणाने असं होतं. बाहेर काढून टिचकी मारा, शाई पुढे येईल, पण कायमचा उपाय म्हणजे कन्व्हर्टर साबणाच्या पाण्याने आतून धुणं. काही कंपन्या आत बारीक गोळी किंवा स्प्रिंग टाकतात ती याचसाठी. कार्ट्रिज असेल तर ते पुरतं दाबलंय का बघा, टक असं जाणवलं पाहिजे, अर्धवट दाबलेलं असलं की शाई दिसते भरलेली आणि येत मात्र नाही.

आणि उलटी तक्रार, शाई जास्त येते, थेंब पडतो. हे आपल्याकडे ड्रॉपरने नळीत थेट शाई भरायच्या पेनांचं, आणि बऱ्याचदा पेनचा दोष नसतोच. शाई एक तृतीयांशच्या खाली गेली की वर हवा जास्त, हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला ढकलते, टपकन डाग. मे महिन्यात खिशात तर विचारू नका, माझे दोन पांढरे शर्ट भुसावळ-जळगावच्या गाडीत गेले. उपाय काय, तर शाई अर्ध्याच्या खाली गेली की भरून टाका, निब वर करून ठेवा, बाहेरून आल्यावर पेन पाच मिनिटं तसंच उभं राहू द्या, मग टोपण काढताना निब वरच. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवायचं नाही. आट्यांतून गळत असेल तर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, रबराची रिंग असेल तर व्हॅसलीन नको, रबर फुगतं.

एवढं सगळं करून मग निब. आणि निबला हात लावायच्या आधी कागद. घामेजलेला तळहात वहीवर घासत जातो, कागदावर तेलकट पट्टा तयार होतो आणि पेन बरोबर पानाच्या खालच्या अर्ध्या भागात अडायला लागतं. हाताखाली एक कोरा कागद ठेवा, लगेच फरक. गुळगुळीत चकचकीत कागदावर, लग्नपत्रिकेच्या पाठीमागे वगैरे, शाईपेन अडणारच. बॉलपेनच्या सवयीने पेन उभं धरून जोर देत असाल तर तेही सोडा, पेन तिरपं, निबचा नक्षीवाला भाग वर, हाताचा जोर शून्य.

आता भिंग पाहिजे. आपल्या जळगावात त्याची काय कमी, सोनाराकडे डोळ्याला लावायचं असतं तसलं, दहापट मोठं दाखवणारं. निब उजेडासमोर धरा. चीर निबवरच्या बारीक भोकापासून टोकाकडे बारीक होत गेली पाहिजे आणि टोकाशी दोन्ही बाजू जेमतेम टेकलेल्या. आख्खी चीरच घट्ट मिटलेली असेल तर शाई येणार नाही, ०.०५ मिलिमीटरचा पितळी पत्रा मिळतो तो चिरेतून हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा. ब्लेड त्याच्यापेक्षा जाड आणि धारेचं, म्हणून ब्लेड नको. पत्रा नसेल तर निबचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून अगदी किंचित दाब द्या, लिहून बघा, परत किंचित. उलट टोकाशी उजेड दिसेल इतकी फाकली असेल तर तिथे केशाकर्षण तुटतं, शाई भोकापर्यंत येऊन थांबते. मग दोन्ही टोकं हळूच एकावर एक सरकवून सोडायची, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

समोरून टोक बघितलं आणि एक बाजू वर, एक खाली दिसली तर वरची नखाने खाली दाबा. एकाच दिशेला खरखर लागते त्याचं कारण बहुतेक हेच. निब आणि जीभ यांच्यात फट असेल तरीही शाई तुटते, दोन्ही नीट बसवा. जीभ एबोनाइटची असेल, म्हणजे काळ्या कडक रबराची, तर निबसकट अर्धा मिनिट गरम पाण्यात धरून अंगठ्याने निबकडे दाबून गार होऊ द्या, ती वाकून बसते. प्लास्टिकच्या जिभेला हे करू नका.

सगळं ठीक दिसतं, शाई चिरेत दिसते, तरी पहिला फराटा उमटत नाही आणि जोर दिला की उमटतो, तेव्हा टोक जास्त पॉलिश होऊन चिरेच्या दोन्ही कडा आतून गोल झालेल्या असतात. यावर १२००० नंबरच्या पॉलिश पेपरवर चार-पाचदा आठचा आकडा काढतात, पण घासलेलं परत येत नाही, महागाचं पेन असेल तर जाणकाराकडेच द्या, स्वस्तातल्यावर आधी हात बसवा.

आणि शाळा-कॉलेजला सुट्टी लागली, पेन महिनाभर वापरणार नसाल, तर शाई बाटलीत परत ओतू नका, फेकून द्या, पेन धुवा, वाळवा आणि रिकामंच ठेवा.