ऑफिसातला प्रिंट सर्व्हर कुठे ठेवावा?

जुलैचा शेवटचा आठवडा, फोर्टमधलं एक सीए ऑफिस. रिटर्न भरायची घाई आणि संध्याकाळी एकाचीही प्रिंट निघेना. प्रिंटर ठणठणीत होता. तो शेअर केला होता रिसेप्शनवरच्या कॉम्प्युटरवरून, आणि तिथल्या ताई मशीन बंद करून विरार लोकल पकडायला गेल्या होत्या.

म्हणून आधी ठरवायचं ते हे, की प्रिंटची रांग कोणत्या मशीनवर लागणार. ते मशीन म्हणजेच प्रिंट सर्व्हर.

1. सर्व्हर हवाच आहे का? पाच-सात माणसं आणि नेटवर्कला थेट जोडलेला (लॅनचा) एकच प्रिंटर असेल तर नको. राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) राखून ठेवा, म्हणजे तो बदलणार नाही, आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर त्याच पत्त्याने प्रिंटर जोडा. जोडताना पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरचा दरवाजा, विचारला तर बहुतेक प्रिंटर 9100 वर ऐकतात. ड्रायव्हर मात्र प्रत्येक मशीनवर वेगळा टाकावा लागतो. माणसं वीस झाली की याचाच कंटाळा येतो.

2. कुठे ठेवायचा नाही? कुणाच्या टेबलावरच्या पीसीवर नको. तो झोपतो, अपडेट घेऊन मध्येच रीस्टार्ट होतो, आणि विंडोज 10 किंवा 11 एका वेळी 20 जोडण्यांपुढे जाऊ देत नाही.

डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे ऑफिसातली सगळी खाती आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, तर अजिबात नको. ‘एकच सर्व्हर आहे, त्यावरच टाका’ हे मी फार ऐकतो. स्पूलर, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा, सिस्टमच्या पूर्ण अधिकारांनी चालते. 2021 मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची त्रुटी उघड झाली. डोमेन कंट्रोलरवर स्पूलर चालू असेल, तर साधं खातं हाती लागलेला माणूसही तिच्यातून सगळ्या ऑफिसच्या किल्ल्यांपर्यंत पोहोचू शकत होता. तिथे स्पूलर बंदच ठेवा.

3. मग कुठे? फाइल सर्व्हर चालेल, पण स्पूल फोल्डर (रांगेतल्या प्रिंट तात्पुरत्या साठतात तो) सी ड्राइव्हवरून हलवा. आर्किटेक्टची मोठी ड्रॉइंग स्पूल होताना कैक पटींनी फुगतात. सी भरला की प्रिंटबरोबर फाइलीही अडकतात. माझी पसंती वेगळ्या छोट्या व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे सर्व्हरच्या आतच सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या स्वतंत्र कॉम्प्युटरला. स्पूलर लटकला तर तेवढंच रीस्टार्ट करायचं, बाकी कुणाला पत्ताही लागत नाही. विंडोजच्या लायसन्सचा खर्च नको असेल तर जुन्या पीसीवर लिनक्स आणि कप्स हे प्रिंटची रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर उत्तम चालतं.

4. दुसरी शाखा असेल तर? सर्व्हर फोर्टला, प्रिंटर अंधेरीला, तर अंधेरीच्या माणसाची प्रिंट फोर्टला जाऊन परत अंधेरीला येते. विंडोज सर्व्हर 2012 पासून ‘ब्रांच ऑफिस डायरेक्ट प्रिंटिंग’ची सोय आहे, ती चालू करा, मग प्रिंट थेट तिथल्या प्रिंटरवर जाते. क्लाउडवर टाकताना दोनदा विचार करा. गूगलने आपली क्लाउड प्रिंट 2020 अखेर बंद केली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्यांची धावपळ झाली.

5. मशीनची जागा. तळमजला असेल तर जमिनीवर नको, मुंबईचा पाऊस ठाऊक आहेच. सर्व्हर आणि स्विच (नेटवर्कच्या केबली जोडतात ती पेटी) यूपीएसवर घ्या, लेझर प्रिंटर नको. त्याचा फ्यूझर (टोनर कागदावर वितळवून चिकटवणारा भाग) तापताना एकदम इतका करंट खेचतो की छोटा यूपीएस कोलमडतो.

हलवाहलव शुक्रवारी संध्याकाळी करा. प्रिंट मॅनेजमेंटमधून जुन्या रांगा एक्स्पोर्ट करून नव्या मशीनवर आणा, आधी दोघांनाच जोडा, आणि जुना शेअर आठवडाभर तरी पुसू नका.